हा बदल कोणाचा? रॉक कव्हर आणि मूळ गाणं शेजारी ठेवून ऐकताना

मूळ भारी की कव्हर (तेच गाणं दुसऱ्या कलाकाराने नव्याने केलेलं), हा वाद सुरू झाला की दोन मिनिटांत सगळे आपापल्या जागी ठाम बसतात. कारण साधं आहे: जे आधी ऐकलं आणि कानात मुरलं, तेच खरं वाटतं. तुलना करायची असेल तर प्रश्नच बदलायला हवा. दोन रेकॉर्डिंगमध्ये नेमकं काय वेगळं आहे आणि तो फरक कोणी केला? कव्हर करणाऱ्याने मुद्दाम केला, मधल्याच कोणीतरी केला, वाद्याने केला, की टेपने आणि तुमच्या फोनने? खालची सगळी पद्धत या एका प्रश्नासाठी आहे.

पहिल्या जोडीला दोन-अडीच तास जातील. ते दोन बैठकींत वाटून घ्या, थकलेला कान काहीही ऐकतो. सामान फार नाही: बरे हेडफोन, स्टॉपवॉच, कागद-पेन्सिल आणि सूर शोधायला एखादं वाद्य किंवा फोनवरचं पियानो ॲप. गाण्याच्या फाइल हाताशी असतील तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअरही घ्या.

पायरी १: सुरुवातीची जोडी

नवख्याने शब्द आणि कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) सारखे, पण आवाज सगळाच वेगळा अशी जोडी घ्यावी. ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ यासाठी अगदी योग्य आहे. बॉब डिलनचं मूळ रेकॉर्डिंग १९६७ च्या डिसेंबरातल्या अल्बमवर आलं आणि जिमी हेन्ड्रिक्सचं १९६८ मध्ये. मूळ सुमारे अडीच मिनिटांचं, कव्हर चार मिनिटांचं. पुढच्या बहुतेक पायऱ्या याच जोडीवर करून बघता येतील.

हुबेहूब नक्कल केलेली कव्हर सुरुवातीला घेऊ नका, त्यातले फरक कान तयार झाल्याशिवाय सापडत नाहीत. उलट टोकही टाळा. डेव्हो या बँडने केलेलं रोलिंग स्टोन्सचं ‘सॅटिसफॅक्शन’ मूळ गाणं इतकं मोडून-तोडून उभं करतं की नवख्याला धरायला कुठेच कठडा मिळत नाही.

पायरी २: तुमचं ‘मूळ’ खरंच मूळ आहे का?

सर्वांत जास्त घोटाळे इथे होतात, म्हणून इथे वेळ घाला.

गाणं आणि रेकॉर्डिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाणं म्हणजे शब्द आणि चाल, ज्याखाली गीतकार-संगीतकाराचं नाव असतं. रेकॉर्डिंग म्हणजे एका दिवशी, काही माणसांनी, एका खोलीत वाजवलेलं काहीतरी. गाण्याखाली लिहिलेली नावं आणि गाणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर आधी आणखी कोणी गायलंय का ते शोधा. ‘ट्विस्ट अँड शाउट’ला बीटल्सचं समजणारे पुष्कळ आहेत. बीटल्सनी ते १९६३ मध्ये गायलं, पण त्यांच्यासमोर होतं ते आयस्ली ब्रदर्सचं १९६२ चं रेकॉर्डिंग, आणि त्याच्याही आधी १९६१ मध्ये टॉप नोट्सनी ते केलं होतं. पहिल्या आणि तिसऱ्या रेकॉर्डिंगची तुलना करून ‘बीटल्सनी गाणं पार बदलून टाकलं’ असं लिहिलंत, तर आयस्लींचं श्रेय बीटल्सच्या खात्यात गेलं.

म्हणून प्रत्येक कव्हरसाठी दोन नावं लिहून काढा: गाण्याचं पहिलं रेकॉर्डिंग आणि कव्हर करणाऱ्याने ज्याच्यावरून घेतलं ते रेकॉर्डिंग. पुष्कळदा ही दोन्ही वेगळी निघतात.

एल्विस प्रेस्लीचं १९५६ चं ‘हाउंड डॉग’ घ्या. पहिलं रेकॉर्डिंग बिग मामा थॉर्नटनचं, १९५३ मध्ये बाजारात आलेलं. त्यात एक बाई फुकट्या पुरुषाला दाराबाहेर काढते आहे. एल्विसच्या गाण्यात सशाचा उल्लेख येतो आणि विषय खऱ्याखुऱ्या कुत्र्यावर घसरतो. हे शब्द एल्विसने बदलले असं सहज वाटतं. प्रत्यक्षात ते फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज यांच्या आवृत्तीतून आले. एल्विसने त्यांना लास व्हेगासमध्ये ऐकलं होतं.

‘हॅलेलुया’चंही तसंच. लेनर्ड कोहेनचं मूळ १९८४ चं, त्यात सिंथेसायझर आणि कोरस. जॉन केलने १९९१ मध्ये ते नुसता पियानो आणि आवाजावर आणलं आणि कोहेनने लिहून ठेवलेल्या इतर कडव्यांतून वेगळी निवड केली. जेफ बकलीची १९९४ ची आवृत्ती या केलच्या रेकॉर्डिंगवरून पुढे गेली आहे. बकलीने कडवी बदलली असं लिहू नका. बकलीचं स्वतःचं काय, ते शोधायचं तर केलला मध्ये ठेवावंच लागतं: पियानोच्या जागी इलेक्ट्रिक गिटार, आणि मग तो आवाज.

लोकगीत असेल तर ‘मूळ’ हा शब्दच सोडून द्या. ‘व्हिस्की इन द जार’ हे आयर्लंडचं पारंपरिक गाणं आहे. मेटॅलिकाची १९९८ ची आवृत्ती थेट लोकगीतावरून नाही, थिन लिझीच्या १९७२ च्या आवृत्तीवरून आहे. गिटारची ओळखीची धून लिझीची आहे. इथे तुलना मेटॅलिका आणि लिझी यांची करायची.

नावं सापडली तरी फाइल बरोबर आहे का ते तपासायचं असतं. स्ट्रीमिंगवर मूळ कलाकाराच्याच नावाखाली अनेक वर्षांनी नव्याने गायलेली आवृत्ती, लाइव्ह आवृत्ती, रीमिक्स, सगळं मिसळलेलं असतं. अल्बमचं नाव, वर्ष आणि लांबी या तीन गोष्टी जुळवा. लांबी दहा सेकंदांपेक्षा जास्त वेगळी असेल तर फाइल बदला. आणि कधी कधी खुद्द मूळच दोन असतात. ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ १९६४ मध्ये अकूस्टिक गिटारवर आलं. १९६५ मध्ये निर्मात्याने त्याच रेकॉर्डिंगवर इलेक्ट्रिक वाद्यं आणि ड्रम चढवले, आणि लोकांना माहीत झालं ते हे दुसरं. डिस्टर्ब्डची २०१५ ची आवृत्ती यातल्या कशाशी ताडून बघता आहात, ते आधी ठरवून लिहून ठेवा.

पायरी ३: आवाजाची पातळी आणि वेग जुळवा

दोन गाण्यांपैकी जे किंचित मोठ्याने वाजतं ते कानाला जास्त चांगलं वाटतं. फरक इतका लहान असतो की ‘हे मोठं वाजतंय’ असं जाणवत नाही, ‘यात दम आहे’ असं जाणवतं. जुन्या मूळ गाण्यांचा यात हमखास तोटा होतो, कारण नव्वदच्या दशकापासून रॉक रेकॉर्डिंगची पातळी बरीच वर चढवली जाऊ लागली. स्ट्रीमिंग ॲपमध्ये आवाज सारखा ठेवण्याची सेटिंग असते, ती सुरू करा. फाइल असतील तर ऑडॅसिटीत ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ लावून दोन्ही वजा २३ एलयूएफएसवर (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आणा. आकडा कुठला हे महत्त्वाचं नाही, दोघांना तोच हवा. मात्र इतका वर नको की शिखरं कापली जातील.

वेगाचं गणितही एकदा समजून घ्या. टेप किंवा फाइल साधारण ६ टक्के जास्त वेगात वाजली की सूर अर्ध्या पायरीने (पियानोच्या लगतच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीइतका) वर जातो. म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं सुमारे ११३ वर आलं आणि सूरही बरोबर अर्धी पायरी उतरला, तर कलाकारापेक्षा यंत्रावर आधी संशय घ्या. लोकांनी चढवलेल्या व्हिडिओंत ही भानगड फार. हक्कांची तपासणी चुकवायला मुद्दाम वेग बदललेला असतो. अधिकृत आवृत्त्याही यातून सुटत नाहीत. बीटल्सच्या ‘शीज लीव्हिंग होम’चं मोनो (एकाच वाहिनीचं) मिक्स स्टीरिओपेक्षा (दोन वाहिन्यांच्या मिक्सपेक्षा) जलद आणि वरच्या सुरात आहे. लेड झेपेलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मध्ये वाजवून झाल्यावर टेप संथ केलेली आहे. ड्रमचा तो जडपणा थोडा हातांचा, थोडा जिन्याच्या मोकळ्या घुमाऱ्यात लावलेल्या माइकचा आणि थोडा टेपचा. हे माहीत नसलेला माणूस सगळं श्रेय हातांना देऊन मोकळा होतो. (मूळ गाणं १९२९ चं, कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी यांचं. अवश्य ऐका.)

पायरी ४: आधी ऐका, मग लिहा

जोडीतलं जे कमी ओळखीचं आहे ते तीनदा सलग ऐका, काहीही न लिहिता. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं लिखाण सवयीच्या बाजूने झुकतं. नंतर दोन्ही एकेकदा ऐकून कागदावर आराखडा मांडा: सुरुवात, पहिलं कडवं, ध्रुवपद, सोलो, शेवट, आणि प्रत्येकासमोर ते सुरू होण्याची वेळ.

‘वॉचटॉवर’चा आराखडा काढलात की गंमत दिसते. गाण्याला ध्रुवपदच नाही. तीन कडवी आणि तेच तीन कॉर्ड पुन्हा पुन्हा. डिलन कडव्यांच्या मधे हार्मोनिका वाजवतो. हेन्ड्रिक्सने नवी जागा शोधली नाही, हार्मोनिकाच्याच जागा घेतल्या आणि त्या गिटारला दिल्या. दुसऱ्या कडव्यानंतरची जागा मात्र त्याने ताणून लांब केली आणि तिचे चार तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यात गिटारचा आवाज वेगळा: एकदा तारांवरून घसरत जाणारा स्लाइड, एकदा वा-वा पेडल (गिटारचा आवाज ‘वा-वा’ असा उघडझाप करणारं), एकदा नुसते तालात मारलेले कॉर्ड. वाढलेलं दीड मिनिट कुठे गेलं, हे आता तुम्हाला सेकंदात सांगता येतं.

आराखड्याचा दुसरा उपयोग म्हणजे काय गाळलं ते दिसतं. कान नव्या आवाजाकडे धावतो, नसलेली गोष्ट त्याला ऐकू येत नाही. द हू यांच्या ‘बिहाइंड ब्लू आइज’मध्ये (१९७१) शांत कडव्यांनंतर एक जोरकस रॉक भाग उसळतो. लिंप बिझकिटच्या २००३ च्या आवृत्तीत तो भागच नाही. त्याच्या जागी अक्षरं बोलणाऱ्या खेळण्याचा यांत्रिक आवाज आहे. रागीट संगीतासाठी ओळखल्या जाणाऱ्या बँडने गाण्यातला रागाचा तुकडाच काढून टाकला. हे वाक्य आराखड्याशिवाय सुचत नाही.

पायरी ५: लय आणि ठेका

स्टॉपवॉच सुरू करताना जो ठोका येतो त्याला ‘शून्य’ म्हणा, ‘एक’ नाही. ‘एक’पासून मोजलंत तर प्रत्येक वेळी एक ठोका फुकट जमा होतो. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. १५ सेकंद मोजून चौपट केलंत तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तीन ठिकाणी मोजा, कारण जुन्या रॉक रेकॉर्डिंगमध्ये बँड क्लिक (लयीची टिकटिक) न लावता वाजवायचा आणि लय थोडी सरकायची. एका गाण्याचा आकडा दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट आला तर पाय कुठे आपटता आहात ते तपासा. बहुधा एकात स्नेअर (ड्रमचा ठळक ठोका) धरलाय आणि दुसऱ्यात हाय-हॅट (झांजांची जोडी).

मोजायच्या आधी अंदाज लिहून ठेवा. जोरदार वाजणारं गाणं जलद असेलच असं नाही. दाट वाद्यं आणि मोठे ड्रम वेगाचा भास निर्माण करतात.

लयीपेक्षा मोठा बदल ठेक्याचा. बीटल्सचं ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ (१९६७) पावणेतीन मिनिटांचं, रिंगो स्टारच्या आवाजातलं, चार-चारच्या चालीचं आहे. जो कॉकरने १९६८ मध्ये तेच संथ करून सहाच्या ठेक्यात टाकलं आणि ते पाच मिनिटांवर गेलं. ओळखायला सोपं आहे: ‘एक-दोन-तीन, चार-पाच-सहा’ म्हणत डोलता येतंय का बघा. दादऱ्याची सवय असलेल्या कानाला हे लगेच कळेल. ठेका बदलला की शब्दांतल्या अक्षरांना जास्त जागा मिळते, गायकाला ती ताणता येतात, किंकाळी फोडता येते. कॉकरच्या गाण्यातला आकांत नुसत्या घशाचा नाही. ठेक्याने त्याला आधी जागा करून दिली आहे.

पायरी ६: पट्टी आणि कॉर्ड

गाणं जिथे येऊन निवांत होतं तो सूर गुणगुणा, पियानो ॲपवर शोधा, लिहून ठेवा. मोठी गल्लत इथे होते: पट्टी बदलली म्हणजे कॉर्ड बदलले असं नाही. सगळं गाणं एका पायरीने खाली सरकवलं तरी कॉर्डमधली अंतरं तीच राहतात.

डिलनचं ‘वॉचटॉवर’ काळी एकमध्ये आहे, हेन्ड्रिक्सचं पांढरी एकमध्ये, दोन्ही मायनर. म्हणजे हेन्ड्रिक्सने पट्टी उतरवली? त्याची बोटं काळी एकच्याच कॉर्डवर आहेत. गिटारच अर्धी पायरी उतरवून लावलेली आहे. हा फरक गाण्याबद्दलच्या विचारातून कमी आणि त्याच्या वाद्य लावायच्या सवयीतून जास्त आलाय. गन्स एन रोझेसच्या ‘नॉकिन ऑन हेवन्स डोअर’चंही हेच. कित्येक रॉक बँड गिटार अर्धी पायरी उतरवून ठेवतात: गायकाला वरचे सूर सोपे जातात आणि तारा सैल पडल्याने ओढायला हलक्या होतात. कव्हर बरोबर अर्ध्या पायरीने खाली असेल तर त्यावर मोठा सिद्धान्त रचू नका.

कॉर्ड खरेच बदललेत का, हे बघायला फक्त बेस गिटारबरोबर गुणगुणा. अंतरं जुळली तर कॉर्ड बहुधा तेच. न जुळलेल्या जागांवर खूण करून फक्त त्याच तपासा. ब्लूजवरून आलेल्या रॉकमध्ये बारही (ठोक्यांचे ठरावीक गट) मोजा. रॉबर्ट जॉन्सन १९३६ मध्ये ‘क्रॉस रोड ब्लूज’ एकट्याने गातो-वाजवतो, त्यामुळे एखादी ओळ त्याला हवी तेवढी लांबते किंवा आखडते. क्रीम या तिघांच्या बँडच्या १९६८ च्या लाइव्ह ‘क्रॉसरोड्स’मध्ये तिघांना एकत्र वाजवायचं आहे, म्हणून बारा बारांचा हिशोब चोख. शिवाय त्यात एक कडवं जॉन्सनच्याच ‘ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज’मधून आणून बसवलेलं आहे.

पायरी ७: वाद्यं

एका फेरीत एकच वाद्य. पहिली फेरी ड्रमची, दुसरी बेसची, तिसरी गिटारची. सगळं एकदम ऐकायला गेलात तर शेवटी फक्त गायक ऐकाल.

प्रत्येक वाद्यासाठी एकच विचारा: मूळमधलं हे काम कव्हरमध्ये कोण करतंय? रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिसफॅक्शन’ची (१९६५) फझ (आवाज खरखरीत केलेल्या) गिटारवरची रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) कीथ रिचर्ड्सच्या मनात ब्रास (ट्रम्पेटसारख्या) वाद्यांसाठी होती, गिटार फक्त जागा दाखवायला वाजवली होती. त्याच वर्षी ओटिस रेडिंगने कव्हर केलं आणि रिफ ब्रासवर गेली. नुसतं ऐकून ‘सोल गायकाने रॉकची रिफ बदलली’ असं लिहिलं जातं. खरं तर ती आपल्या ठरलेल्या घरी पोचली.

पायरी ८: आवाज आणि शब्द

शब्द छापून घ्या आणि कव्हर ऐकताना बदललेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा. सर्वनामं आणि शिव्या आधी बघा. नाइन इंच नेल्सच्या ‘हर्ट’मध्ये (१९९४) मुकुटाच्या ओळीत एक शिवी आहे. जॉनी कॅशने २००२ मध्ये तिथे काट्यांचा मुकुट केला. एका शब्दात ओळ ख्रिस्ताकडे वळली. मूळच्या कडव्यात गिटार मुद्दाम खुपणारे सूर लावते आणि शेवट गोंगाटात जातो. कॅशकडे साधे कॉर्ड आहेत आणि एकाच सुरावर ठोकत वाढत जाणारा पियानो. गाण्याची लांबीही सव्वासहा मिनिटांवरून साडेतीनच्या आसपास आली.

आवाजाबद्दल लिहिताना ‘भावपूर्ण’, ‘काळजाला भिडणारा’ हे शब्द बाजूला ठेवा. गायक कोणत्या सप्तकात सुरू करतो, ठोक्यावर गातो की मागे रेंगाळतो, श्वास ऐकू येतो का, ओळीचं शेवटचं अक्षर ताणतो की टाकून देतो, हे लिहा. डिस्टर्ब्डचा गायक ‘साउंड ऑफ सायलेन्स’ खालच्या सप्तकात सुरू करतो आणि शेवटी वर चढतो. मूळमध्ये दोन आवाज पहिल्यापासून जवळजवळ एकाच पातळीवर जोडीने चालतात. भावनेचा जो चढ लोकांना जाणवतो त्याचा बराच भाग या एका निर्णयात आहे.

पायरी ९: फरक वाटून टाका, मग लिहा

कागदावर आता पंधरा-वीस फरक जमले असतील. प्रत्येकासमोर एक अक्षर लिहा: कव्हर करणाऱ्याचा असेल तर ‘क’, मधल्या आवृत्तीचा ‘म’, वाद्य किंवा गळ्याच्या सोयीचा ‘स’, टेप-मिक्स-फाइलचा ‘य’. ठरत नसेल तर प्रश्नचिन्ह, आणि ते तसंच राहू द्या. लेखात मुख्य जागा ‘क’ला. ‘म’ आला की त्या मधल्या माणसाचं नाव घ्यायचं. ‘स’ एखाद्या वाक्यात उरकतो. ‘य’ सहसा गाळायचा, अपवाद ‘लेव्ही ब्रेक्स’सारखा, जिथे यंत्र मुद्दाम वापरलंय.

‘क’ फरकांतले तीन निवडा आणि प्रत्येकाला वेळ, काय झालं, त्याने काय घडलं, असं लिहा. ‘हेन्ड्रिक्सने गाण्यात जान आणली’ यातून वाचकाला काही मिळत नाही. ‘डिलनची हार्मोनिका जिथे थोडक्यात आटपते तिथे हेन्ड्रिक्सची गिटार चार वेगवेगळ्या आवाजांत बोलते, त्यामुळे तिसरं कडवं येईपर्यंत वादळ जवळ आलेलं असतं’ हे वाचून माणूस गाणं पुन्हा लावतो आणि पडताळून बघतो.

शेवटी एकदा उलट दिशेनेही बघा. कव्हरनंतर मूळ कलाकार ते गाणं कसं वाजवायला लागला? डिलनची १९७४ च्या दौऱ्यातली ‘वॉचटॉवर’ ऐकली तर ती १९६७ च्या डिलनपेक्षा हेन्ड्रिक्सच्या जवळची आहे. तिथे हाच तक्ता पुन्हा मांडायचा. फक्त ‘म’च्या रकान्यात या वेळी हेन्ड्रिक्स येतो.